पुष्पचित्रांची पूर्वपीठिका

भाद्रपद अर्धा सरला म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या रानांत कपाशी फुलावर येते. वणीपासून पुसदपर्यंत आणि दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत कोणत्याहि रस्त्यानें जावें, दोहों बाजूंस पानांआडून तीं फिकट फुलें डोकावतांना दिसतात. परंतु हें फूल कोणी वेणींत माळीत नाहीं, देवाला वाहत नाहीं, आणि कवीहि त्याच्या वाटेस फारसे जात नाहींत. सर्वांचें लक्ष असतें तें पुढें येणाऱ्या बोंडाकडे व बोंडांतून निघणाऱ्या कापसाच्या भावाकडे. ज्या फुलावर जिल्ह्यांतील हजारों घरांचा संसार चालतो, त्या फुलाचें तोंड पाहण्यास कोणास सवड नसावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मला तरी ती सवड कोठें होती? अंगणांतील जास्वंद, गोकर्ण, सदाफुली आणि अळूचीं पानें यांचीं अगदीं जवळून छायाचित्रें घेण्याचा मला नाद आहे. हल्लीं मोबाइलमध्येंच कॅमेरा असल्यामुळें तो नाद स्वस्तहि झाला आहे. एके वर्षीं कुंपणालगत सांडलेल्या सरकीपासून कपाशीचीं दोन-चार झाडें आपोआप उगवलीं व यथाकाल फुललीं. त्यांतील एक फूल इतरांहून निराळें होतें. बाकीचीं फुलें पेल्यासारखीं उघडलेलीं. ह्याच्या पाकळ्यांचीं टोंकें मात्र एकमेकांत गुंतून त्यांस पीळ पडलेला, जणूं अर्धवट उमललेली गुलाबाची कळीच! सकाळच्या मऊ उजेडांत कॅमेरा चार बोटांच्या अंतरावर नेऊन, श्वास रोखून मीं त्याचें चित्र घेतलें. तें इतकें उत्तम साधलें कीं, आल्यागेल्यास दाखवीत सुटलों.

पाहणाऱ्यांत जवळच्या खेड्यांतील एक परिचित शेतकरी होते. त्यांनीं चित्राकडे क्षणभर पाहिलें आणि म्हटलें, “हे फूल नोहे भाऊ, डोमकयी आहे. अंदर अयी असन.” वऱ्हाडी बोलींत ळकाराचा यकार होतो, तेव्हां अर्थ असा कीं, ही डोमकळी, हिच्या आंत अळी असेल. गुलाबी बोंडअळी कळींत शिरते, आपल्या मुखांतील रेशमी धाग्यानें पाकळ्या शिवून टाकते, आणि त्या बंद खोलींत केसर खात बसते. म्हणून तें फूल नीट उमलत नाहीं. ज्याला मी सौंदर्य समजत होतों, तें रोगाचें लक्षण होतें. चित्र पुन्हां मोठें करून पाहिलें, तों पाकळ्यांच्या फटींत ते धागे स्पष्ट दिसले. कॅमेऱ्यानें ते टिपले होते. मला मात्र दिसले नव्हते.

या प्रसंगानंतर मनांत प्रश्न उभा राहिला तो असा: पानाफुलांच्या इतकें जवळ जाऊन त्यांचें चित्र करण्याची ही हौस मनुष्यास कधींपासून लागली, ती त्यानें कोणत्या साधनांनीं भागविली, आणि जवळ जाऊन त्याच्या हातीं काय आलें? महाराष्ट्रांतील व प्रसंगोपात्त बाहेरचाहि हा इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

चित्र हें ज्ञानाचें एकमेव साधन नव्हे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. गणेशपूजेच्या पत्रींत एकवीस प्रकारचीं पानें लागतात. शमी, आघाडा, माका, डोरली, रुई, मरवा हीं पानें ओळखून खुडून आणणाऱ्या आमच्या आज्यांनीं वनस्पतिशास्त्र वाचलें नव्हतें. पण आघाड्याचें पान कोणतें आणि त्याच्यासारखें दिसणारें दुसरें कोणतें, हें त्यांच्या बोटांना ठाऊक असे. पानावरची लव, कांठाचे दांते, चुरगळल्यावर येणारा वास, या खुणा जवळ गेल्यावांचून कळत नाहींत. मात्र हें ज्ञान हातांतून हातांत जाणारें. मधली एक पिढी चुकली कीं तें संपलें. आज पत्रीची जुडी बाजारांतून विकत येते, आणि तींत कोणकोणतीं पानें आहेत हें पुष्कळ घरांत कोणी उलगडूनहि पाहत नाहीं.

हें हातांतलें ज्ञान कागदावर उतरविण्याचा एक प्रचंड उद्योग सतराव्या शतकांत मलबारांत झाला. तेथील डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें त्या प्रांतांतील वनस्पतींचीं वर्णनें व चित्रें गोळा करून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापून निघाले. या कामीं मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्या तिघांनीं १६७५ सालीं दिलेलें प्रमाणपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेलें आहे. ग्रंथ परक्याचा, भाषा लॅटिन, छापखाना सातासमुद्रांपलीकडचा. तरी ज्यांनीं झाडें ओळखलीं त्यांचीं नांवें साडेतीनशें वर्षें टिकून राहिलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिचें महत्त्व पुढील हकीकतीवरून अधिक पटेल.

पुण्यानजीक दापोडी येथें १८२८ सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, कंपनी सरकारनें एक वनस्पतिउद्यान काढलें. औषधी झाडें वाढवावीं, बाहेर देशांतून आणलेलीं झाडें येथील हवेंत रुजवून पाहावीं, असा त्याचा हेतु होता. १८३८ पासून त्याची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे आली. पुढें १८४७ सालीं मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-संरक्षक म्हणून नेमला गेला तो हाच. १८४७ ते १८५० या अवधींत गिब्सननें एका चित्रकाराकडून दापोडीच्या बागेंतील वनस्पतींचीं दीडशेंहून अधिक रंगीत चित्रें काढवून घेतलीं. बाग पुढें राहिली नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीस हलला, आणि दापोडीचें नांव उद्यानाच्या संदर्भांत लोकांच्या स्मरणांतून गेलें. चित्रें मात्र एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानांत सुरक्षित राहिलीं, आणि हेन्री नोल्टी यांनीं २००२ सालीं त्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां तीं पुन्हां लोकांपुढें आलीं.

हीं चित्रें काढणारा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी, म्हणजे बहुधा गोमंतकाशीं संबंध असलेला होता, असें मानतात. त्याचें नांव उपलब्ध नाहीं. मालकाचें नांव राहिलें, वनस्पतींचीं नांवें राहिलीं. ज्यानें तीन वर्षें त्या पानाफुलांवर डोळे ताणले त्याचेंच नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. रंगभट आणि विनायक पंडित यांचें भाग्य त्याच्या वांट्यास आलें नाहीं. फुलाच्या सर्वांत जवळ जो होता, तोच इतिहासाला सर्वांत दूरचा ठरला.

दापोडीस हा अज्ञात पुरुष कुंचल्यानें काम करीत होता, त्या वेळीं युरोपांत सूर्यप्रकाशानें चित्र काढण्याची विद्या जन्मून दहा वर्षें होत आलीं होतीं. आणि तिच्या पहिल्या विषयांत पानें होतीं. इंग्लंडांतील फॉक्स टॅल्बट हा स्वतः वनस्पतींचा अभ्यासक होता. त्याची रीति सोपी असे. कागदास मीठ व चांदीचा क्षार लावावा, त्यावर पान ठेवून वर कांच दाबावी आणि उन्हांत धरावें. उघडा भाग काळवंडे, पानाखालचा भाग पांढरा राही. शिरांच्या जाळींतून जेवढा उजेड झिरपे तेवढी तिची रेघ उमटे. १८३९ सालीं त्यानें अशीं चित्रें विद्वानांपुढें मांडलीं, आणि १८४४ पासून खंडशः निघालेल्या त्याच्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या सचित्र ग्रंथांतहि एका पानाचें चित्र आहे. १८४२ सालीं जॉन हर्शेल यानें लोहाच्या क्षारांपासून निळें चित्र उमटविण्याची युक्ति काढली, व पुढच्याच वर्षीं ॲना ॲटकिन्स या विदुषीनें तिच्या साह्यानें ब्रिटनमधील समुद्रशैवालांच्या चित्रांचा ग्रंथ काढण्यास आरंभ केला. शैवालें इतकीं सूक्ष्म कीं हातानें हुबेहूब रेखणें कठीण, म्हणून हा मार्ग धरला, असें तिनें सांगितलें आहे. घरबांधणीचे नकाशे ज्या निळ्या कागदावर निघत, तो कागद याच युक्तीचा वंशज होय.

या चित्रांत एक मौज आहे. त्यांस कॅमेरा लागत नसे. पान आणि कागद यांत अंतरच नव्हतें. पान जेवढें तेवढेंच त्याचें चित्र. म्हणजे छायाचित्रणाचा प्रारंभ सर्वांत जवळच्या दर्शनानें झाला, आणि मध्यें भिंग आल्यावर तें दूर गेलें. पुन्हां जवळ येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. त्याचीं कारणें तीन होतीं.

पहिलें कारण उजेडाचें. वस्तूचें चित्र तिच्या मूळ आकाराएवढें काढावयाचें तर भिंग आणि कांच यांमधील अंतर नेहमींच्या दुप्पट करावें लागतें, आणि मग कांचेवर एक-चतुर्थांश उजेड पडतो. म्हणून वेळ चौपट. तितका वेळ फुलानें निश्चल राहिलें पाहिजे, आणि वाऱ्याला तर कोणाची आज्ञा चालत नाहीं. दुसरें कारण स्पष्टतेचें. जवळून पाहतांना भिंगाला एकच पातळ पापुद्रा स्पष्ट दिसतो. पाकळीचा कांठ साधला तर केसर अंधुक, केसर साधले तर कांठ गेला. भिंगाचें तोंड बारीक करावें तर उजेड आणखी कमी. पान चपटें असल्यामुळें हा अडथळा त्याला बाधत नाहीं. पानांचीं चित्रें आधीं व फुलांचीं मागून कां साधलीं, याचें एक उत्तर येथें मिळतें.

तिसरें कारण रंगाचें, आणि तेंच सर्वांत विलक्षण. जुन्या रासायनिक कांचेला निळा रंगच काय तो दिसे. पिवळा व तांबडा तिच्या लेखीं अंधार होता. अंगणांतील गोकर्णाचें गर्द निळें फूल त्या कांचेवर फिकट आलें असतें, आणि फाल्गुनांत यवतमाळच्या रानाला वणवा लागल्यासारखा भासविणारा पळस काळा ठिक्कर पडला असता. पिवळ्या कपाशीचीहि तीच गत. १८७३ सालीं बर्लिन येथें व्होगेल यानें कांचेच्या लेपांत विशिष्ट रंग मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याची जाणीव आणून दिली. सर्व रंग जाणणाऱ्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या त्या १९०६ च्या सुमारास. म्हणजे पाऊणशें वर्षांच्या आसपास छायाचित्रकाराचा डोळा अर्धा आंधळा होता. दापोडीच्या चित्रकाराच्या कुंचल्याला हा दोष नव्हता. म्हणूनच छायाचित्र निघाल्यावरहि वनस्पतिशास्त्रज्ञांनीं चित्रकारास रजा दिली नाहीं.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्याशीं संबद्ध होते, आणि नारायण दाजी हे स्वतः चांगले छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ च्या सुमारास या कलेचा वर्गहि निघाला. परंतु त्या पिढीच्या छायाचित्रकारांचा ओढा मुख्यतः लेणीं, देवळें, इमारती आणि नाना जातींचीं माणसें यांकडे होता. राज्यकर्त्यांना देश ओळखून घ्यावयाचा होता, आणि आमच्या सुशिक्षितांना आपली प्राचीन वैभवें जगास दाखवावयाचीं होतीं. त्या गडबडींत अंगणांतली जास्वंद मागें राहिली, यांत नवल नाहीं.

वऱ्हाडच्या कपाशीकडे मात्र त्याच काळांत फार जवळून पाहिलें गेलें. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत आला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजून तेथील कापूस बंद पडला, तेव्हां लँकाशायरच्या गिरण्यांची दृष्टि इकडे वळली; मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठीं कापूस-आयुक्ताची नेमणूक झाली. पण ही जवळची दृष्टि तंतूपुरती होती. धागा किती लांब, किती मऊ, किती स्वच्छ, हें बोटांत धरून पाहणारे पुष्कळ निघाले. फुलाशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. जवळ जाऊनहि मनुष्य तेवढेंच पाहतो जेवढें त्याला हवें असतें, याचें हें ठळक उदाहरण होय.

फुलापानांना त्यांच्यासाठींच जवळून पाहणारा छायाचित्रकार म्हणून जगानें ज्याला ओळखलें तो कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनच्या एका कलाशाळेंत शिक्षक होता. विद्यार्थ्यांस नक्षीकाम शिकवितांना दाखविण्यासाठीं तो घरींच बनविलेल्या कॅमेऱ्यानें कोंब, कळ्या, पानांचे देठ यांचीं चित्रें घेई. कित्येक चित्रें मूळ वस्तूच्या अनेक पट, क्वचित् तीस पटहि, मोठीं केलेलीं असत. १९२८ सालीं तीं ग्रंथरूपानें निघालीं, तेव्हां नेच्याचा गुंडाळलेला कोंब धर्मगुरूच्या दंडासारखा आणि एखादा साधा देठ देवळाच्या खांबासारखा दिसूं लागला. तीं सर्व चित्रें काळींपांढरीं आहेत. रंग काढून घेतल्यामुळें घडण तेवढी उरली, आणि ती घडणच त्याला दाखवावयाची होती. तोंपर्यंत रंगीत छायाचित्रेंहि निघूं लागलीं होतीं. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंनीं १९०७ सालीं रंगीत कांचा विक्रीस काढल्या, आणि १९३५ सालीं कोडाक्रोम फिल्म आली.

महाराष्ट्रांत मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेनें १९३७ सालीं फादर ब्लाटर व मिलार्ड यांचा सुंदर भारतीय वृक्षांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत रंगीत चित्रें व छायाचित्रें दोन्हीं शेजारीं शेजारीं नांदतात. ब्लाटर त्यापूर्वींच १९३४ सालीं वारले होते. पुढें फिल्म स्वस्त झाली, मग फिल्महि गेली. २००१ सालीं पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकरांचा सह्याद्रींतील फुलांवरचा छायाचित्रमय ग्रंथ निघाला. इंगळहळीकर व्यवसायानें अभियंते. पण रानांत फुलाशेजारीं बसून घेतलेलें चित्र आणि त्याखालीं त्या फुलाचें शास्त्रीय नांव अशी जोडी सामान्य वाचकाच्या हातीं देऊन त्यांनीं अनेकांस फुलाकडे वांकून पाहावयास शिकविलें.

यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद कार्तिकेयन व आनंद कुमार यांनीं केली असून ती भारतीय वनस्पति सर्वेक्षणानें १९९३ सालीं ग्रंथरूपानें छापली आहे. तो ग्रंथ अभ्यासकांचा. घरोघरीं जो कॅमेरा आज आहे, त्यांतून दररोज निघणाऱ्या चित्रांची आणि त्या ग्रंथाची मात्र गांठ पडत नाहीं. टॅल्बटला जें उन्हांत कागद धरून साधे, तें मुलें क्षणांत साधतात. उजेडाचा, स्पष्टतेचा व रंगाचा, तिन्हीं अडथळे बहुतेक दूर झाले. तथापि चित्राखालीं नांव नाहीं, गांव नाहीं, दिवस नाहीं. दापोडीस चित्रकाराचें नांव हरवलें. आज फुलाचेंच हरवत आहे.

ही केवळ हौशी लोकांची तक्रार नव्हे. कपाशीचें फूल जवळून पाहूं लागलें म्हणजे तें काय काय सांगतें! देशी कपाशीच्या पिवळ्या पाकळीच्या तळाशीं गर्द तांबडा ठिपका असतो. अमेरिकन वाणाचें फूल पहिल्या दिवशीं दुधी, आणि दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें. त्याच वाणाचें पान उलटावें तर मधल्या शिरेवर एक बारीकशी खळगी आढळते. तींतून गोड रस पाझरतो व मुंग्या त्याच्या मागावर असतात. आणि पीळ पडलेलें फूल दिसलें तर तें डोमकळीचें चिन्ह. २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली. तिच्यामुळें बोंडअळ्या कांहीं वर्षें आटोक्यांत राहिल्या. पुढें गुलाबी अळी तिला दाद देईनाशी झाली, आणि २०१७ सालीं विदर्भांत तिनें अनर्थ केला. त्याच हंगामांत कीटकनाशकांची फवारणी करतांना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यांतील अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. डोमकळ्या वेळींच ओळखून, तोडून, आंतील अळीसह नष्ट कराव्या, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. त्याला भारी यंत्र लागत नाहीं कीं विष लागत नाहीं. रोज सकाळीं फुलाच्या तोंडाकडे पाहणारा डोळा लागतो. तो डोळा त्या शेतकऱ्यापाशीं होता, माझ्यापाशीं नव्हता. माझ्या हातीं केवळ कॅमेरा होता.

ज्यांच्या घरीं चार कुंड्या आहेत आणि एक कॅमेरा आहे, त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, फुलाबरोबर त्याच्या पानाचेंहि एक चित्र घ्यावें, वरच्या आणि खालच्या बाजूचें. कारण ओळख पुष्कळदां पानावरूनच पटते. शेजारीं एखादी पट्टी ठेवली तर आकार कळेल. आणि खालीं फुलाचें नांव, गांव व तिथि लिहावी. नांव ठाऊक नसल्यास ज्याला ठाऊक असेल त्याला विचारावें. बहुधा तो माणूस जवळच असतो आणि आपण त्याला कधीं विचारलेलें नसतें.

माझें तें चित्र मीं टाकून दिलें नाहीं. त्याखालीं आतां दिवस लिहिला आहे, यवतमाळ लिहिलें आहे, आणि ‘गुलाबाच्या कळीसारखें फूल’ हे पूर्वींचे शब्द खोडून ‘डोमकळी’ असें लिहिलें आहे. त्याच्यापुढें ज्यांनीं तें ओळखलें त्या शेतकऱ्याचें पूर्ण नांवहि लिहून ठेवलें आहे.